बाममधील चिकटपणा: साधा आरारूट पुरेल की रूपांतरित स्टार्च हवा?

प्रश्न (इंदूरवासिनी):
नमस्कार. मी इंदूरला राहते आणि घरच्यांपुरते कोकम बटर व खोबरेल तेलाचे बाम तयार करते. हिवाळ्यात ते सर्वांना आवडते. परंतु मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की तेच बाम अंगावर तेलकट थर होऊन राहते. सियागंजातून आरारूट आणून त्यात मिसळावा, असा विचार आहे. मात्र बाजारातील ‘मॅट’ क्रीमच्या व ड्राय शांपूच्या वेष्टनांवर ‘ॲल्युमिनियम स्टार्च ऑक्टेनिलसक्सिनेट’ असे नाव दिसते. हा पदार्थ साध्या स्टार्चपेक्षा नेमका कशामुळे वेगळा ठरतो, आणि त्यातील ॲल्युमिनियमची काळजी करावी का?

उत्तर १ (प्रयोगशाळेतला):
ताई, साध्या स्टार्चला पाण्याची ओढ असते, त्यामुळे घामाने त्याच्या गुठळ्या होतात आणि सुमारे ६२ ते ७२ अंशांच्या गरम पाण्यात मक्याच्या स्टार्चची चक्क खळ होते. ऑक्टेनिल सक्सिनिक ॲनहायड्राइडशी अभिक्रिया घडवून स्टार्चला काही ठिकाणी तेलाकडे ओढ असलेली कार्बनची शेपटी जोडतात. या प्रकारच्या रूपांतराचे अमेरिकन पेटंट १९५३ सालचे आहे. त्याचे सोडियम लवण पाण्याशी जुळवून घेते, म्हणून ते ई १४५० या क्रमांकाने खाद्यपदार्थांत तेल व पाणी एकजीव ठेवण्यासाठी वापरले जाते. सोडियमच्या जागी ॲल्युमिनियम आले की तीच भुकटी जलविरोधी होते, सुटसुटीत राहते आणि त्वचेवरील तेल शोषून घेते. पाणी असलेल्या क्रीममध्ये तिला पसंती मिळते ती यामुळेच.

ॲल्युमिनियमविषयी एवढे लक्षात घ्यावे की येथे ते स्टार्चच्या मोठ्या रेणूशी बांधलेले असते. घामाच्या नलिकांची तोंडे तात्पुरती बंद करणारी, घामरोधकांतील विद्राव्य लवणे निराळी. काळजी घ्यायचीच तर ती कोणतीही बारीक भुकटी श्वासावाटे आत न जाण्याची घ्यावी, विशेषतः लहान मुलांजवळ.

उत्तर २ (सुगरण):
वरील माहिती योग्यच आहे, पण ताईंच्या बाममध्ये पाणी मुळीच नाही, तेव्हा खळ होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही आणि महागडी भुकटी मागवण्याचे कारणही मला दिसत नाही. आरारूट चालेल. तांदळाचा स्टार्च मिळाल्यास अधिक चांगला, कारण त्याचे कण साधारण ३ ते ८ मायक्रॉनचे, म्हणजे पुष्कळच बारीक असतात. बटाट्याच्या स्टार्चचे काही कण १०० मायक्रॉनपर्यंत जातात आणि बोटांना खरखर जाणवते. तांदळाचे पीठ मात्र स्टार्चच्या जागी घेऊ नये, कारण त्यात प्रथिनेही असतात आणि दळण जाडसर असते. वजनाच्या ५ टक्क्यांपासून आरंभ करावा. स्टार्च तेलात विरघळत नाही, म्हणून बाम निवून दाटसर होऊ लागल्यावरच तो घालावा व गोठेपर्यंत ढवळत राहावे, अन्यथा सारा तळाशी बसतो.

उत्तर ३ (इंदूरवासिनी):
दोघांचेही आभार. थोडे बाम आरारूट घालून करून पाहते. हीच भुकटी विकतच्या सनस्क्रीनमध्येही मिसळली तर चालेल का?

उत्तर ४ (प्रयोगशाळेतला):
कृपया तसे करू नये. सनस्क्रीनचा त्वचेवर समान थर बसला तरच वेष्टनावर लिहिलेले संरक्षण मिळते, आणि वरून मिसळलेल्या भुकटीने तो थर बिघडू शकतो. शिवाय त्यात पाणी असल्यास साधा स्टार्च हे सूक्ष्मजीवांचे खाद्य ठरते. बामच्या डबीतही ओली बोटे घालू नयेत.