अरीथा फ्रँकलिनचा ‘अमेझिंग ग्रेस’: ध्वनिमुद्रिका होती, मग चित्रपट कशाला?

पूर्वसूर (चर्चाप्रस्ताव)

१३ आणि १४ जानेवारी १९७२ या दोन संध्याकाळी अमेरिकी सोल गायिका अरीथा फ्रँकलिन लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातील न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये गॉस्पेल, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधले ख्रिस्ती भक्तिसंगीत, गायली. सोबत रेव्हरंड जेम्स क्लीव्हलँड आणि त्यांचा सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर हा गायकवृंद होता. त्या गायनाची दुहेरी ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी जूनमध्ये बाजारात आली, अफाट खपली आणि तिला ग्रॅमीही मिळाले. दिग्दर्शक सिडनी पोलॅक यांनी याच दोन्ही रात्री चित्रित केल्या होत्या. तो चित्रपट मात्र ४६ वर्षे डब्यात पडून राहिला आणि अरीथाच्या निधनाला तीन महिने होत नाहीत तोच, नोव्हेंबर २०१८ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये प्रथम दाखवला गेला.

तो दाखवायला नको होता, असे माझे मत आहे. त्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे तिचा विरोध. ती हयात असताना तिने हे चित्रण लोकांपुढे येण्यास न्यायालयात जाऊन हरकत घेतली, एकदा २०११ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये, टेल्युराइड चित्रपट महोत्सवातील खेळ अगदी तोंडावर आला असताना. न्यायालयाने तिचे म्हणणे मान्य करून खेळ थांबवला. तीन वर्षांनी ती गेली आणि अडसर दूर झाला, या घटनाक्रमात मला काही मंगल दिसत नाही.

दुसरे कारण संगीताचे आहे. चित्रपट या माध्यमाने अरीथाला फारसे काही दिलेच नाही. १९८० च्या ‘द ब्लूज ब्रदर्स’मध्ये ती एका खाणावळीच्या मालकिणीच्या भूमिकेत नवऱ्याला बजावत ‘थिंक’ गाते, तो प्रसंग सर्वांच्या आवडीचा आहे. पण आधी मुद्रित केलेल्या स्वतःच्याच आवाजावर ओठ हलवणे तिला जड गेले, कारण तीच ओळ दोनदा सारखी गाणे तिच्या स्वभावात नव्हते, आणि मग अनेक तुकडे जोडून ते गाणे उभे करावे लागले. १९७६ च्या ‘स्पार्कल’ची गत आणखी चमत्कारिक आहे. कर्टिस मेफील्ड यांनी रचलेली गाणी पडद्यावर नट्या गातात आणि बाजारातल्या मुद्रिकेवर त्याच वाद्यमेळावर अरीथा गाते. पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्यासारख्या श्रोत्यांना हा उलटा कारभार वाटेल: तिचा आवाज सगळीकडे पोचला, फक्त चित्रपटगृहात पोचला नाही.

याउलट तिची श्रोत्यांसमोरची ध्वनिमुद्रणे पाहा. मार्च १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमध्ये ती तीन रात्री गायली. रॉकला सरावलेला तो गोरा तरुण वर्ग तिला स्वीकारील की नाही, याची निर्माते जेरी वेक्सलर यांना धास्ती होती. साथीला सॅक्सोफोनवादक किंग कर्टिसचा ताफा आणि ऑर्गनवर बिली प्रेस्टन. शेवटच्या रात्री ती गायक रे चार्ल्सला रंगमंचावर घेऊन आली आणि ‘स्पिरिट इन द डार्क’ इतके लांबले की आता थांबेल म्हणता म्हणता पुन्हा पेट घेत राहिले. हे ऐकताना मला डोळ्यांची उणीव कधीच जाणवली नाही. ‘अमेझिंग ग्रेस’च्या बाबतीतही तसेच आहे: जे घडले ते सर्व त्या मुद्रिकेत होते.

ओटीवरचा श्रोता

आपल्या शेवटच्या वाक्यापाशीच माझी हरकत आहे. ‘जे घडले ते सर्व मुद्रिकेत होते’ हे वस्तुस्थितीला धरून नाही. १९७२ च्या मुद्रिकेत दोन रात्रींची गाणी निवडून, क्रम बदलून एकत्र लावली होती, आणि दोन्ही रात्री सबंध, घडल्या त्या क्रमाने ऐकायला मिळण्यासाठी १९९९ उजाडावे लागले. म्हणजे तब्बल २७ वर्षे आपण ज्याला ‘ती रात्र’ समजत होतो, ती संपादकाच्या टेबलावर तयार झालेली रात्र होती. ती उत्तम होती, यात वाद नाही. पण चित्रपट मात्र तुकड्यांचा आणि ध्वनिमुद्रण मात्र अखंड सत्य, अशी वाटणी करता येणार नाही.

आता डोळ्यांच्या उणिवेविषयी. मुद्रिका ऐकताना मी मनात एक विशाल, उंच छताचे चर्च उभे केले होते. चित्रपटात दिसते ते एका जुन्या चित्रपटगृहाचे केलेले चर्च: बेताची जागा, मागे भिंतीवर येशूच्या बाप्तिस्म्याचे भडक चित्र, वायरींचे जंजाळ, आणि घामाने निथळणारी माणसे. दुसऱ्या रात्री पुढच्या रांगेत तिचे वडील रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन येऊन बसतात. ज्यांचे गाणे ऐकत ती लहानाची मोठी झाली त्या क्लारा वॉर्डही येतात. अरीथा पियानोवर बसून ‘नेव्हर ग्रो ओल्ड’ गात असताना वडील उठतात, तिच्याजवळ जातात आणि रुमालाने तिच्या चेहऱ्यावरचा घाम टिपतात. ती गाणे थांबवत नाही. तेव्हा ती २९ वर्षांची, जगभर गाजलेली बाई आहे, आणि त्या दोन-चार क्षणांत ती वडिलांच्या चर्चमधली मुलगी असते. हे कोणत्या ध्वनिफितीवर ऐकू येते, ते मला सांगावे.

आणखी एक. शीर्षकगीत चालू असताना क्लीव्हलँड पियानो सोडतात आणि बाजूला बसून रुमालात तोंड लपवून रडतात. मुद्रिका ऐकताना गायकवृंद काय करतो ते कळते. त्याचे काय होते ते कळत नाही. ओळ संपण्याआधीच माणसे उभी राहतात, कारण पुढे काय येणार हे त्यांना तिच्या खांद्यांवरून समजलेले असते. गॉस्पेलमधली साद आणि प्रतिसाद ही केवळ कानांची देवघेव नाही, हे मला तो चित्रपट पाहिल्यावर कळले.

निरक्षीर

वरील दोघेही रसग्रहणात रमले आहेत. प्रश्न रसाचा नसून संमतीचा आहे आणि त्या बाबतीत मी प्रस्तावकाच्या बाजूची आहे, मात्र त्यांच्या कारणांसाठी नव्हे.

अरीथाला चित्रपट आवडला नव्हता म्हणून तिने तो अडवला, असा समज या चर्चेत रुजू नये. चित्रपट आपल्याला आवडतो, असे तिने स्वतःच सांगितले होते. तिचा आक्षेप तो तिच्या परवानगीवाचून दाखवला जाण्याला होता. ही बारीक गोष्ट नाही. १९६० नंतरची पहिली सहा-सात वर्षे कोलंबिया कंपनीने तिच्याकडून काय गाऊन घ्यावे हे कंपनीतल्या लोकांनी ठरवले. १९६७ मध्ये अटलांटिक कंपनीकडे आल्यावर तिला पियानोवर बसवून तिच्या कलाने गाऊ दिले, तेव्हा कुठे आपण ओळखतो ती अरीथा बाहेर आली. आपल्या आवाजाचे काय व्हावे हे आपण ठरवायचे, हा हट्ट तिने अशा अनुभवातून कमावला होता. कृष्णवर्णीय गायकांच्या कामावर इतरांनी पैसा केल्याचा अमेरिकेतला इतिहास पाहिला, तर मानधन आधी हातात घेऊन मगच रंगमंचावर जाण्याची तिची ख्यात सवयही विक्षिप्त वाटत नाही.

तिच्या मृत्यूनंतर मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या तिच्या भाचीने परवानगी दिली, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने सर्व रीतसर झाले. पण वारसाला हक्क मिळतो, मत मिळत नाही. जिचे मत सात वर्षे न्यायालयीन कागदांवर नोंदलेले होते, तिचे मत बदलल्याचा कुठलाच पुरावा नसताना आपण तिकीट काढून आत बसलो. मीही बसले होते, हे कबूल करते.

जुळवाजुळव

मी ध्वनिसंकलनाचे काम करतो. चित्रपट डब्यात का पडून राहिला, याचे कारण वर कोणीच दिलेले नाही आणि माझ्या मते या वादात ते महत्त्वाचे आहे.

चित्रण चालू होताना क्लॅप दिलाच गेला नव्हता. पोलॅक कथापटांचे दिग्दर्शक होते. चालू कार्यक्रमाचे असे चित्रण त्यांच्या सवयीचे नव्हते. क्लॅपची पाटी म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. कॅमेरा चित्र टिपतो, आवाज दुसऱ्या यंत्रावर वेगळा मुद्रित होतो, आणि पाटीचा तो एक ‘टक्’ दोन्हींवर नोंदला गेला की नंतर ती दोन्ही एकमेकांवर बसवता येतात. येथे अनेक कॅमेरे होते आणि प्रत्येक आपल्या सोयीने चालू-बंद होत होता. १६ मिलिमीटरच्या ४०० फुटी रिळात साधारण ११ मिनिटांचे चित्रण मावते, आणि मुद्रिकेवरचे शीर्षकगीत जवळजवळ तेवढ्याच लांबीचे आहे. तेव्हा एकाच गाण्यात कोणाचे ना कोणाचे रीळ संपणारच. असे सुमारे २० तासांचे चित्रण, आणि कुठल्याच तुकड्याला आवाजाचा पत्ता नाही. गायकवृंदाचे संचालक अलेक्झांडर हॅमिल्टन यांना बसवून ओठांच्या हालचालींवरून जुळवण्याचा प्रयत्न झाला, तोही फसला.

पुढे २००७ च्या सुमारास निर्माते अॅलन एलियट यांनी ते चित्रण मिळवले आणि संगणकावर चित्र व आवाज अखेर जुळले. पोलॅक २००८ मध्ये वारले. ते पाहायला राहिले नाहीत.

माझा मुद्दा असा आहे. १९७२ मध्ये अरीथा त्या खोलीत कॅमेऱ्यांसमोर स्वखुशीने उभी होती. क्लीव्हलँड सुरुवातीलाच जमलेल्यांना सांगतात की येथे मुद्रण चालू आहे, एखादी गोष्ट पुन्हा करावी लागली तरी पहिल्याच उत्साहाने साथ द्या. कॅमेरे लपलेले नव्हते. काही वेळा तर ते तिच्या तोंडाशी आलेले आहेत. पाटी वेळेवर वाजली असती, तर चित्रपट मुद्रिकेच्या मागोमाग आला असता आणि संमतीचा हा प्रश्न उद्भवलाच नसता. एका तांत्रिक चुकीला आपण कलावंताची इच्छा समजत आहोत.

निरक्षीर

तांत्रिक माहितीबद्दल आभार. ती खरोखर मला नव्हती. पण आपला निष्कर्ष मला पटत नाही. १९७२ मध्ये दिलेली संमती २०१५ मध्ये शिळी होऊ शकते. ४३ वर्षांनी दुसरा निर्माता, दुसरी बाजारपेठ, दुसरा करार. ‘तेव्हा तू कॅमेऱ्यासमोर उभी होतीस ना’, हा युक्तिवाद तिच्यासमोर न्यायालयात टिकला नव्हता, तो येथे का टिकावा?

पूर्वसूर

ओटीवरचा श्रोता यांनी मुद्रिकेच्या क्रमाविषयी काढलेली चूक मान्य आहे. १९९९ ची आवृत्ती मी ऐकली आहे, तरी लिहिताना पहिली मुद्रिकाच डोक्यात होती, सवयीचा दोष.

वडिलांच्या रुमालाविषयी मात्र थोडे वेगळे म्हणेन. तो क्षण मलाही हलवून गेला, आणि म्हणूनच मला अवघड वाटतो. सबंध चित्रपटात अरीथा श्रोत्यांशी जवळजवळ बोलतच नाही. बोलतात ते क्लीव्हलँड आणि दुसऱ्या रात्री वडील. दोन गाण्यांच्या मध्ये ती खाली पाहते, पाणी पिते, वाट पाहते. ज्या गायिकेला जे सांगायचे ते गाऊनच सांगायचे होते, तिच्या गप्प बसण्याचेही जवळून चित्रण आपण पाहतो. ध्वनिमुद्रिकेवर ती जेवढी आपल्याला द्यायला निघाली होती तेवढीच मिळते. चित्रपटात त्याहून अधिक मिळते, आणि ते अधिक तिने दिलेले आहे का, याची मला खात्री नाही.

ओटीवरचा श्रोता

हे मात्र विचार करण्यासारखे आहे. तरीही ‘पडद्याने तिला काही दिले नाही’ हे आपले विधान मी मान्य करणार नाही. डिसेंबर २०१५ मध्ये केनेडी सेंटरच्या सोहळ्यात त्या गाण्याच्या संगीतकार कॅरोल किंग यांच्या सन्मानार्थ ती ‘नॅचरल वुमन’ गायली, तेव्हा ती ७३ वर्षांची होती. लांब फरकोट घालून येते, पियानोवर बसते, मग उठून ध्वनिक्षेपकापाशी येते आणि शेवटाकडे जाताना तो कोट खांद्यावरून जमिनीवर सोडून देते. सभागृह उभे राहते, ओबामा डोळे पुसतात. तो कोट खाली पडणे हा त्या गाण्यातला एक स्वरच आहे. कॅमेऱ्यावाचून तो ऐकू आला नसता. आणि तो तिने जाणूनबुजून, सर्वांच्या देखत दिलेला आहे. ज्या वर्षी तिने टेल्युराइडचा खेळ थांबवला, त्याच वर्षातली ही गोष्ट आहे.

निरक्षीर

नेमके हेच. कॅमेऱ्याशी तिचे वैर नव्हते. त्याच्यासमोर कधी, कुठे आणि कोणाच्या अटींवर जायचे हे ती ठरवत होती. आपण माझीच बाजू मांडलीत.

जुळवाजुळव

मग एक प्रश्न आपल्या दोघांनाही. तिचे पहिले ध्वनिमुद्रण १९५६ चे आहे: डेट्रॉइटमधील न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्च, म्हणजे वडिलांचेच चर्च, ती १४ वर्षांची, स्वतः पियानो वाजवत गाते आहे, आणि मागे मंडळींचे हुंकार आणि आरोळ्या त्या साध्या यंत्राला पेलवत नाहीत. पुढे ती फीत वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा विकली गेली. त्या १४ वर्षांच्या मुलीला कोणी काय विचारले असेल? प्रस्तावक ती ऐकतात का?

पूर्वसूर

ऐकतो. पुष्कळदा ऐकतो.