टॅबच्या समोरच्या कॅमेऱ्यानं वही दाखवता येते का?

गणितवाली, महाल:
मी दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. उन्हाळ्यात दुपारी कोणी मूल घराबाहेर पडत नाही, म्हणून तेवढे वर्ग टॅबवर. त्यांना माझं तोंड दिसते, वही दिसत नाही. कंपासनं वर्तुळ काढायचं तर वही उचलून कॅमेऱ्यापुढे धरा, मग काढणार कशी! भाच्याकडे ऑस्मो नावाचा खेळ पाहिला. टॅबच्या वरच्या कडेला एक लहानसं लाल टोपण बसवतात, आत आरसा, की कॅमेरा थेट टेबलावर पाहतो. तसं घरी जमते का? साधा आरसा चालेल का?

भंगारप्रेमी:
जमते ना, काहून नाही जमणार! पण घरचा आरसा नको. त्याचा चकाकता थर काचेच्या मागं असतो. पुढच्या पृष्ठभागावरूनही चारेक टक्के प्रकाश परततो आणि अक्षराशेजारी फिकट दुसरं अक्षर उमटते. थर पुढच्या बाजूला असलेला आरसा हवा. जुन्या, जाडजूड फ्लॅटबेड (काचेवर कागद पालथा ठेवायच्या) स्कॅनरमध्ये तशा लांब पट्ट्या असतात. आपल्या नागपूरच्या बर्डीवर प्रिंटर दुरुस्तीवाल्याला विचारा, मेलेला स्कॅनर कोपऱ्यात पडलेला असतोच. पेन्सिलीचं टोक आरशाजवळ न्या. टोक आणि प्रतिबिंब भिडलं तर तोच. पुसायला फडकं घासू नका, ओरखडे पडतात.

कोनाचं सांगतो. आरसा छज्जासारखा कॅमेऱ्याच्या वर टेकवायचा, चकाकती बाजू खाली. सगळे ४५ अंश सांगतात, पण तेवढ्यावर नजर स्क्रीनला समांतर खाली जाते आणि अर्ध्या चित्रात तुमचाच टॅब येतो. स्क्रीनपासून ५५-६० अंश उघडा ठेवा. पान वर रुंद, खाली निमुळतं दिसेल, तेवढं चालते. पुठ्ठ्याचा साचा करून चिकटपट्टीनं लावा, फेविक्विक कॅमेऱ्याजवळ नको, त्याच्या वाफेनं भिंगावर पांढरा थर बसतो.

काचघर:
मुख्य अडचण राहिली. एका आरशानं चित्र डावं-उजवं उलटते. व्हिडिओ कॉलमध्ये आपल्याला स्वतःचं चित्र आधीच उलटवून दाखवतात, म्हणून तुम्हाला अक्षर सुलट दिसेल आणि मुलांना उलट. आधी कोणालातरी कॉल लावून बघा. शिवाय समोरच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा फोकस हातभर अंतरावर पक्का केलेला असतो. पान पुसट दिसलं तर टॅबखाली चारदोन जाड पुस्तकं सरकवा.

गणितवाली, महाल:
आरसा मिळाला! पुठ्ठ्यावर कोनमापकानं ५७ अंश आखून बसवला. वर्ध्याला नणंदेला कॉल लावला. माझ्याकडे ३ अगदी झकास, ती म्हणते, "वहिनी, हा तर इंग्रजीतला मोठा ई दिसतो." आता दुसरा आरसा लावू का?

काचघर:
दोन आरशांनी अक्षर सुलटते, पण मग पान डोक्यावर उभं राहते, समोर बसलेल्याला दिसावं तसं. लॅपटॉप असेल तर ओबीएस या मोफत प्रोग्रॅममध्ये चित्र आडवं उलटवता येते, पण त्यासाठी टॅबचं चित्र आधी लॅपटॉपमध्ये घ्यावं लागते. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ असतील तर एडिटिंगमध्ये फ्लिप एका टिचकीचं काम, तिथं तुमचा आरसा उत्तम.

भंगारप्रेमी:
बाई, थेट वर्गासाठी एवढी यातायात काहून? पुस्तकांच्या थप्पीवर टॅब आडवा ठेवा, मागच्या कॅमेऱ्याचा कोपरा तेवढा वहीवर बाहेर काढा. चित्र सुलट, फोकस आपोआप, मुलं वरच्या स्क्रीनवर दिसतात. ऑटो-रोटेट मात्र बंद करा, टॅब आडवा पडला की त्याला वर-खाली कळत नाही.

गणितवाली, महाल:
थप्पीला डिक्शनरी आणि जुनं पंचांग कामी आलं. वर्ग असाच घेते. आरसा काढून नाही टाकत, प्रमेयांचे व्हिडिओ रेकॉर्ड करायचे आहेत, त्यात समोर बसून बोलताबोलता आकृती काढता येईल. फ्लिपची ती टिचकी मोबाइलवर कुठे असते, तेवढं कोणी सांगा.