मदत हवी आहे: व्हिएन्नातलं हॉटेल साखर, ३ रात्री, दोन ज्येष्ठ

मंडळी, मे महिन्यासाठी हॉटेल साखरचं (ऑस्ट्रियन उच्चार जवळजवळ आपल्या साखरेसारखाच!) बुकिंग करायचंय. १८७६ सालचं हॉटेल, स्टेट ऑपेराच्या अगदी पाठीमागे. अडलंय ते इथे:

व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत मिळणारा दरच घ्यायचा, हे पक्कं. पण चेक-इनला डिपॉझिट म्हणून कार्डावर रक्कम अडकवतात. प्रीपेड फॉरेक्स कार्ड दिलं तर ती सुटायला बरेच दिवस लागू शकतात आणि तेवढे युरो ऐन प्रवासात गोठतात. म्हणून क्रेडिट कार्ड डिपॉझिटला, फॉरेक्स खर्चाला, असा विचार आहे. कार्डधारक सोबत नसेल तर चालवून घेतात का? आधी काही लेखी द्यावं लागतं का?

खोली ऑपेराच्या बाजूची घ्यावी की आतली? नजाऱ्यापेक्षा झोप महत्त्वाची.

विमानतळावरून रेलजेट ट्रेनने हाउप्टबानहोफ (मुख्य रेल्वे स्टेशन), तिथून यू१ मेट्रोने दोन थांबे, कार्ल्सप्लाट्झ. तिथून ऑपेराकडे बाहेर पडताना मोठ्या बॅगांसाठी लिफ्ट नेमकी कुठे?

आणि अंडं न खाणाऱ्यांना नाश्त्याला काय मिळतं? साखरटॉर्टंमध्ये (जर्दाळूचा जॅम घातलेला इथला प्रसिद्ध चॉकलेट केक) अंडी असतातच, त्यामुळे त्या जॅमवर पाणीच सोडायचं.