टायर फुटायच्या आधी काय जाणवलं होतं? अनुभव लिहा

माळरान
आज सोलापूरच्या बाळे भागाजवळ टायरची सोललेली पट्टी पडलेली दिसली, तारा बाहेर आलेल्या. मे २०१९ आठवला. पुण्याहून येताना मोहोळ सोडलं आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं, ऐंशीच्या पुढे धप धप धप. बाबा म्हणाले रस्ताच तसा आहे. लांबोटीला चिवड्यासाठी थांबलो तेव्हा हात फिरवला, नक्षीच्या मधोमध टेंगूळ! स्टेपनीवर घरी आलो. पंक्चरवाल्यानं टायर कापून दाखवलं: जुन्या खिळ्याच्या भोकातून पाणी मुरून तारा गंजलेल्या, नक्षीखालचा तारांचा पट्टा सुटलेला. तो खिळा मी दोन आठवडे तसाच ठेवला होता.

शेंगाचटणी
आमचा फुगा बाजूला आला होता. खड्डा, दुसरं काय.

हवा_पाणी
१८ वर्षं टायरच्या दुकानात आहे. दोन्ही वेगळं. कारच्या टायरात बाजूला सहसा पॉलिएस्टरचे धागे असतात, या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवे. खड्ड्यात रिमखाली चेपले की तुटतात, तिथं हवा फुगा काढते. नक्षीखाली तारेचे दोन पट्टे, तिरपे, एकमेकांना छेदणारे. तारेवर पितळेचा मुलामा असतो, रबर त्याला धरून राहतं. गंज चढला की सुटतं. दोन्हीला दुरुस्ती नाही. बदलाच.

हुरडा
पण उन्हाळ्यात हवा कमीच ठेवायची ना? आमचे हे तसंच करतात.

हवा_पाणी
उलटं आहे ताई! कमी हवेत टायर जास्त दबतं, तापतं, पट्ट्यांच्या कडा तिथूनच सुटतात. दाराजवळच्या स्टिकरवर असते तेवढीच भरा, सकाळी गार टायरात.

बेलपान
वडलांची गाडी आठवड्यातून एकदा दवाखान्यापुरती निघायची. नक्षी नव्यासारखी. अक्कलकोट रोडला पट्टा उडाला, मडगार्ड फाटलं. वडील वाचले, पण नंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. टायर ९ वर्षांचं निघालं. बाजूवर चार आकडे असतात, २३१० म्हणजे २०१० चा तेविसावा आठवडा. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

माळरान
काकांना नमस्कार सांगा. वाचून गलबललं.

शेंगाचटणी
लांबोटीला कुठं थांबता? परवा पुण्याला निघालोय.

हुरडा
कुकर बंद करून खाली जाऊन आले. मागच्या डाव्या टायरात खिळा आहे. ह्यांना उठवते, आत्ताच दुकानात नेतो.