अनुभव धागा : जुनी स्टेशनं आणि चालायला त्रास असलेले प्रवासी

मुंबईच्या सीएसएमटीची (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) इमारत 1888 सालची, 2004 पासून जागतिक वारसा यादीत. भायखळ्याची त्याहून जुनी, 1857ची; तिच्या जीर्णोद्धाराला 2022 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. छानच झालं. आता अशा स्टेशनांवरून गाडी पकडताना व्हीलचेअर, कुबड्या, वॉकर, पांढरी काठी यांचं काय होतं ते इथे लिहा. स्वतःचं, आईवडिलांचं, कुणाचंही. नुसत्या शिव्या नकोत, त्याला इतर धागे आहेत.

डोंबिवलीहून
मी व्हीलचेअरवर, ऑफिस फोर्टात. लोकांना वाटतं सीएसएमटी हेरिटेज म्हणजे हाल. उलट! टर्मिनस असल्यामुळे सगळे प्लॅटफॉर्म एका टोकाला येऊन मिळतात, एक नंबरवरून सातवर जायला पूल लागतच नाही. गाडीही जरा वेळ उभी असते, भाऊ निवांत खुर्ची चढवतो. खरी परीक्षा मधल्या स्टेशनांवर, जिथे गाडी अर्धा मिनिटही थांबत नाही. 2014 मध्ये घाटकोपरला एका मुलीने दोन्ही हात गमावले, मग हायकोर्टाने रेल्वेचे कान उपटले आणि प्लॅटफॉर्म उचलले गेले, 900 मिमीच्या आसपास. तरी डबा वरच राहतो, पण पूर्वी खुर्ची उचलायला दोघं लागायचे, आता ती उलटी फिरवून मोठी चाकं आधी टेकवली की भाऊ एकटा ओढून घेतो. वळणावरच्या प्लॅटफॉर्मला मात्र आडवी फट राहतेच. तिथे पुढचं छोटं चाक अडकलं की आतले-बाहेरचे सगळे एकदम सल्ले द्यायला लागतात.

ठाण्याहून
मला दिसत नाही. दिव्यांग डबा जिथे येतो तिथे प्लॅटफॉर्मवर टीं-टीं आवाज येत राहतो, त्याच्याखाली जाऊन उभं राहायचं. इतकी साधी आणि इतकी उपयोगी सोय दुसरी नसेल. अनाउन्समेंट सुरू झाली की तो बुडतो, एवढंच. पिवळ्या उठावाच्या फरश्यांचं म्हणाल तर एका जुन्या स्टेशनात (नाव नको) त्या मला सरळ वडापावच्या स्टॉलवर घेऊन गेल्या. वडा चांगला होता.

दादरहून
मी जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करते, म्हणून दुसरी बाजू. हेरिटेज इमारतीत रॅम्प नकोच म्हणणारे आहेत, पण हे कारण लंगडं आहे. दगडाला भोक न पाडता, उद्या काढून घेता येईल असा सुटा रॅम्प बसवता येतो. अडचण जागेची. 1:12चा उतार (एक फूट चढायला बारा फूट लांबी) धरला तर 15 सेंमीच्या तीन पायऱ्यांना जवळजवळ साडेपाच मीटर लागतात, शिवाय दोन्ही टोकांना वळायला सपाट जागा वेगळी. फुटपाथवर तेवढी असतेच कुठे? मग कुणीतरी तीव्र उताराचा सिमेंटचा डोंगर ओततं, आणि त्यावर चढण्यापेक्षा पायऱ्या बऱ्या.

दादरच्या ताईंना, परळहून
ताई, त्यात गुळगुळीत ग्रॅनाइट पण धरा! मी कुबड्यांवर चालतो. पावसात कुबडीचं रबर ओल्या पॉलिशवर असं सरकतं की काळजाचा ठोका चुकतो. जुनी खडबडीत फरशी काढून चकाचक करण्याची हौस कुणाला असते, देव जाणे. छिन्नीने टाकी मारून खडबडीत केलेला दगड असला तर पाय ठरतो.

लंडनहून
इकडेही फार वेगळं नाही. बेकर स्ट्रीट म्हणजे 1863च्या पहिल्या भुयारी रेल्वेचं स्टेशन, तिथे पायऱ्या चुकत नाहीत. आईचे गुडघे दुखतात, म्हणून तिला घेऊन आम्ही किंग्ज क्रॉसलाच उतरतो, तिथे लिफ्ट आहेत. भुयारी नकाशावर व्हीलचेअरचं चिन्ह असतं, निघायच्या आधी घरीच कळतं. मुंबई लोकलच्या नकाशावर असं चिन्ह आलं तर माझ्या मावशीचे निम्मे प्रश्न सुटतील.

कल्याणहून
बाबांना केमोसाठी टाटाला न्यायचो. दिव्यांग डब्यात कर्करोगाचे रुग्ण आणि गरोदर बायकांनाही बसता येतं, हे आम्हाला डब्यातल्याच एका काकांनी सांगितलं. हॉस्पिटलचे कागद वरच्या खिशात ठेवा, पिशवीच्या तळाशी नको. गर्दीत कुणी हटकलं तर शोधत बसायला वेळ नसतो.

पुन्हा डोंबिवलीहून
लिफ्टबद्दल कुणीच लिहिलं नाही? आमच्याकडे दुपारी लिफ्टसमोर जी रांग असते, त्यात निम्मे धडधाकट कॉलेजकुमार. त्यांच्या मागे मी, खुर्चीत. भाऊ म्हणतो घंटी लाव खुर्चीला. लावलीय.