फ्रान्सची खाद्य-वाईन सहल, फक्त गे प्रवाशांसाठी : गरज की उगाच वेगळी चूल?

दोनतिकिटं :
नमस्कार मंडळी. मी ४६, जोडीदार ५१, मुक्काम पुणे, एका छपराखाली राहायला लागून चौदा वर्षं झाली. खायची आवड दोघांनाही, वाईनची त्याला जरा जास्तच. फ्रान्सची एक सहल हेरून ठेवली आहे. नऊ रात्री : पॅरिस, मग बोन आणि आसपासचे बर्गंडीचे द्राक्षमळे, शेवटी ल्यों. एकूण बारा जण, सगळे गे पुरुष, सोबत वाईनमधला एक जाणकार. माणशी साडेपाच लाख, विमान वेगळं.

माझा भाऊ म्हणतो, "ज्या देशात २०१३ पासून पुरुषाचं पुरुषाशी कायदेशीर लग्न लागतं, तिथे जायला तुम्हाला वेगळी बस कशाला?" मला उत्तर सुचलं नाही. पण पैसे भरायला हात शिवशिवतायत.

यामागे एक जुनी गोष्ट आहे. २०१७ मध्ये आम्ही इथल्याच एका ग्रुपबरोबर युरोपला गेलो होतो. पाचव्या दिवशी लुसर्नला जेवताना समोरच्या काकूंनी विचारलं, "मिसेसना नाही आणलंत?" जोडीदार गडबडून म्हणाला, "तिला रजा नाही मिळाली." पुढचे सहा दिवस ती नसलेली बायको आमच्याबरोबर फिरली. ती कुठल्या बँकेत आहे, ऑफिसर आहे की क्लार्क, सगळं ठरवावं लागलं. शेवटी काकूंच्या आग्रहाखातर तिच्यासाठी चॉकलेटंही घेतली.

तर, तुमचं मत काय?

सरळसोट :
भावाचं बरोबर आहे. आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल लागायला २०१८ उजाडलं. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर १७९१ ची दंडसंहिता आली तेव्हाच हा गुन्हा यादीतून गेला. म्हणजे जिथे गरज सगळ्यात कमी, तिथेच तुम्ही कुंपण घालून फिरणार. कोल्हापूरला जाताना घरून तांबड्या रश्श्याचा डबा नेण्यातली गत.

आणि लुसर्नच्या गोष्टीला मी हसलो, खोटं कशाला बोलू. पण काकूंना खरं सांगून टाकलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? आता तुम्ही बारा एकसारखे जमून जाल आणि काकू आहेत तिथेच राहतील.

दोनतिकिटं :
२०१७ मध्ये ३७७ लागू होतं, सरळसोट. चाळीस अनोळखी माणसांना सांगायचं आणि पुढे सहा दिवस त्यांच्याच बसमध्ये बसायचं. काकूंना शहाणं करायला मी सुट्टी घेत नाही हो, खायला घेतो.

ल्योंकर :
अकरा वर्षं ल्योंमध्ये आहे, म्हणून दोन शब्द.

१७९१ चं खरं आहे, पण तिथून सरळ रेषेत २०१३ येत नाही. १९४२ साली, महायुद्धात जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारने समलिंगी संबंधांसाठी संमतीचं वय वेगळं आणि जास्त ठरवलं. युद्ध संपलं, सरकार गेलं, कलम राहिलं. ते काढायला १९८२ उजाडलं. २०१३ च्या लग्नाच्या कायद्याविरुद्ध पॅरिसच्या रस्त्यांवर लाखोंनी माणसं उतरली होती, तीही बाबागाड्या घेऊन. अर्थात बर्गंडीतल्या गावात तुम्ही दोघांनी एक खोली मागितली तर मालकीणबाई न्याहारी किती वाजता एवढंच विचारेल. सरळसोट, तुमचं म्हणणं इथल्या लोकांना फार आवडेल. आपापला गट करून राहणाऱ्यांसाठी इथे 'कोम्युनोतारिझ्म' असा शब्द आहे आणि तो शिवीसारखाच वापरतात.

तरीही मी या सहलीच्या बाजूची आहे, आणि त्याला कारण आहे पॅरिसचा एक रस्ता. र्यू मोंतोर्गेय ही खवय्यांची गल्ली. तिथे स्तोरेर नावाचं मिठाईचं दुकान आहे, १७३० सालचं. रममध्ये भिजवलेला 'बाबा' नावाचा केक तिथे खातात, बोट लावलं की पाक सुटतो. प्रत्येक खाद्यसहल तिथे थांबते. दुकानापासून काही पावलांवर, र्यू बाशोमोंच्या कोपऱ्याला, जमिनीत एक फरशी बसवली आहे. जानेवारी १७५० मध्ये ब्रुनो लन्वार आणि जाँ दियो या दोघांना याच रस्त्यावर पकडलं. एक चांभार, एक नोकर. जुलैत त्यांना आजच्या नगरपालिकेसमोरच्या चौकात जाळलं. केवळ समलिंगी संबंधांसाठी फ्रान्समध्ये दिलेला तो शेवटचा देहदंड. तेव्हा स्तोरेर वीस वर्षांचं होतं, भट्टी चालू होती. फरशी बसली २०१४ मध्ये.

मी त्या गल्लीत चार वेळा वेगवेगळ्या गाइडबरोबर गेले आहे. चौघांनीही बाबा खायला घातला, फरशीवरून चालत नेलं.

सरळसोट :
फरशी रस्त्यात आहे ना? मग ती सगळ्यांना दाखवायला हवी. गे ग्रुपला ठाऊकच असणार. ज्यांना ठाऊक नाही ते माझ्यासारखे त्या बसमध्ये नसणारच.

ल्योंकर :
ठाऊक कुठून असणार? माणूस गे असला की इतिहास आपोआप पाठ होतो का?

द्राक्षबाग :
मी नाशिककडचा, द्राक्षं लावतो. गे-बिगरगे यात मला गती नाही, पण 'बारा जण' हा आकडा बरोबर आहे, आणि त्याचं कारण सातबारा.

बर्गंडीत नेपोलियनच्या कायद्याने सगळ्या वारसांना सारखा हिस्सा. वाटण्या होत होत एकेकाकडे चार चार ओळी उरल्या. क्लो द वूजो म्हणून भिंत घातलेला मळा आहे, मूळ मठातल्या साधूंनी वसवलेला. जेमतेम ५० हेक्टर आणि मालक ८० च्या आसपास! आपली भाऊबंदकी त्यांच्यापुढे काहीच नाही. म्हणून तळघरंही लहान. मी गेलो होतो तिथे पिंपांच्या मधल्या बोळात आम्ही आठ जण अंग चोरून उभे. मालक स्वतः काचेच्या नळीने पिंपातून पिनो न्वार (तिथली लाल वाईन) काढून ग्लासात सोडत होता, उरलेली परत पिंपात. चाळीस माणसांच्या बसला तो दारच उघडत नाही. त्यांना मोठ्या कंपन्यांच्या काउंटरवर पाठवतात.

दोन सूचना. सप्टेंबरात काढणी असते (आपल्याकडे जानेवारी ते मार्च), तेव्हा लहान मालकांना पाहुणे नको असतात. आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी बोनच्या १४४३ सालच्या इस्पितळाच्या नावाने वाईनचा लिलाव होतो. त्या आठवड्यात गावात पाय ठेवायला जागा नसते. हो, आणि चाखून झाली की पिकदाणीत थुंकायला लाजू नका. तिथे थुंकणाऱ्यालाच जाणकार समजतात.

फुकटफौजदार :
पुरुष पुरुष जमून परदेशात दारू प्यायला जाणार आणि वर त्याची जाहीर चर्चा. काय चाललंय आपल्या संस्कृतीचं!

नलूमावशी :
फौजदार, आमचे हे दर डिसेंबरात ऑफिसातल्या सात मित्रांबरोबर गोव्याला जायचे. त्यात पुरुष पुरुषच असायचे आणि दारूच असायची. तेव्हा संस्कृती बुडाल्याचं कुणी मला कळवलं नाही.

दोनतिकिटं, हे गेल्यानंतर मी महिला विशेष सहलीला गेले. नेहमीच्या सहलीला मला कुणी बंदी केली नव्हती. पण तिथे प्रत्येक जेवणाला "एकट्याच आलात?" ऐकायचं, आणि मग सगळे दोन मिनिटं ताटात बघणार. महिला विशेषमध्ये निम्म्या माझ्यासारख्याच होत्या. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, आणि चौथ्या दिवशी आपोआप सगळं बोलून झालं. ज्येष्ठ नागरिकांची वेगळी बस चालते, हनिमूनवाल्यांची चालते, मग हिच्यानेच का कुणाच्या पोटात दुखावं?

एक मात्र सांगते. त्या लुसर्नच्या काकू मीही असू शकते. "मिसेस नाही आल्या?" मी कितीतरी जणांना विचारलं असेल. मनात वाईट नसतं हो, बोलायला सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही.

खिडकीतली :
सगळे 'गे प्रवासी' म्हणताय आणि बारा पुरुष मोजताय. मी आणि माझी मैत्रीण कुठल्या बसमध्ये बसायचं? महिला विशेषमध्ये गेलो तर "मुलांना कुणाकडे ठेवलंत?" आणि तुमच्या या सहलीत जागाच नाही.

आणि गंमत अशी, की खाणं आणि फ्रान्स म्हटलं तर या विषयातलं सगळ्यात गाजलेलं घर दोन बायकांचं होतं. गर्ट्रूड स्टाइन लिहायची, ॲलिस टोक्लस रांधायची. पॅरिसच्या त्यांच्या दिवाणखान्यात पिकासो येऊन जेवायचा. उन्हाळ्यात त्या बेलेजवळच्या एका खेड्यात राहायच्या, ॲलिस तिथे स्वतः भाज्या लावायची. हे बेले म्हणजे ब्रिया-सावारांचं जन्मगाव. खाण्यापिण्यावर लिहिणाऱ्या फ्रेंचांचा तो आद्यपुरुष, जन्म १७५५. ल्योंहून मोटारीने दीड तास. तुमच्या नऊ रात्रींत ते नाही, कारण ज्यांनी आखणी केली त्यांच्या डोळ्यांसमोर बारा पुरुष होते.

स्टाइन १९४६ मध्ये वारली. ॲलिसचं नातं कायद्यात कुठेच नव्हतं. १९६१ मध्ये ती रोमला गेलेली असताना स्टाइनच्या वारसांनी भिंतीवरची चित्रं उतरवून नेली. ती परतली तर भिंतींवर नुसते चौकोनी डाग. शेवटची वर्षं हलाखीत गेली. आता दोघी पेर लाशेज दफनभूमीत एकाच दगडाखाली आहेत, ॲलिसचं नाव दगडाच्या मागच्या बाजूला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला, तेव्हा मला त्या भिंतीच आठवल्या. व्हिसाच्या अर्जात तुम्ही दोघंही 'अविवाहित'च लिहिणार ना? चौदा वर्षांनंतरही?

दोनतिकिटं :
अविवाहितच. आणि तुमचं बाकी म्हणणंही मान्य. बेलेचं डोक्यात आलंच नव्हतं. कंपनीला विचारतो बायका चालतील का.

वरणभात :
मध्येच विचारतो, माफ करा. बायको शाकाहारी, अंडंही नाही. अशा सहलीत तिचं काय होईल? (आम्ही स्त्री-पुरुष जोडपं आहोत, पण चर्चा वाचून भूक लागली.)

ल्योंकर :
हाल होतील. कॉन्ते, रोकफोर ही सगळी नामांकित चीझं वासराच्या जठरातल्या रेनेटने जमवतात. काही रेड वाईन अंड्याच्या पांढऱ्याने निवळतात, काही व्हाइट माशाच्या फुग्यापासून काढलेल्या सरसाने. ल्योंच्या 'बुशों' खानावळीत मुख्य पदार्थ म्हणजे वजडी, तीही ब्रेडक्रम्समध्ये घोळवून तळलेली. त्यातल्या त्यात 'सेर्वेल द कान्यु' मागवा. शब्दशः अर्थ 'विणकराचा मेंदू', पण आहे मात्र चक्का, त्यात लसूण, छोटे कांदे, हिरवी पात. आपला लसूण घातलेला चक्काच म्हणा. तोही कशाने जमवलाय ते विचारून घ्या.

सरळसोट :
वरणभातांच्या बायकोसाठी वेगळी सहल असावी हे मला लगेच पटलं आणि गे मंडळींसाठी मात्र पटत नव्हतं, हे आत्ता लिहिता लिहिता लक्षात आलं. पण म्हणून पूर्ण माघार नाही. माझा मुद्दा आता पैशाचा. साडेपाच लाखांत वाईन कितीची आणि "कुणी विचारणार नाही" याची किंमत किती? भीती विकून पैसा करणारी कंपनी भीती कमी व्हावी असं कशाला बघेल? दर महिन्याला वीस हजार कमावणाऱ्या गे मुलाला तर ही निर्धास्ती परवडणारच नाही.

एक करून बघा. इथल्या एखाद्या नेहमीच्या सहल कंपनीला मेल टाका. स्वच्छ लिहा : आम्ही दोन पुरुष, जोडपं आहोत, एकच डबल बेड हवा. उत्तर काय येतं ते इथे सांगा. माझी पैज आहे, काही होणार नाही. २०१७ आता राहिलेलं नाही.

नलूमावशी :
ही पैज मलाही बघायची आहे.

दोनतिकिटं :
दोन्हीकडे मेल टाकले होते, दोन्ही उत्तरं आली.

वेगळ्या सहलीवाले म्हणतात, बायकांना मनाई नाही, "फक्त आजवर कुणी विचारलं नव्हतं". खिडकीतली, दोन जागा परवापर्यंत धरून ठेवायला सांगितल्या आहेत. बेलेसाठी सहा जण तयार झाले तर ल्योंचा एक दिवस तिकडे वळवतील. म्हणजे आम्ही दोघं, तुम्ही दोघी, अजून दोन हवेत.

सरळसोट, तुमचा मेल जसाच्या तसा टाकला होता : दोन पुरुष, जोडपं, एकच डबल बेड. तासाभरात उत्तर, अतिशय नम्र. "सर, आपली अडचण समजली. अजिबात काळजी करू नका, आपल्याला दोन वेगळे बेड नक्की मिळतील."

सरळसोट :
पैज हरलो. पण परत एकदा टाका. यावेळी 'एकच' ठळक अक्षरात.