व्हीलॅन १० मधून २० ला पिंग जाईना, मदत हवी

उद्यमबाग_आयटी: बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉप आहे, तिथलं नेटवर्क बघतो. २४ पोर्टचा मॅनेज्ड स्विच बसवलाय. त्यावर दोन वेगळी नेटवर्कं (व्हीलॅन) केलीत: व्हीलॅन १० ऑफिसला, २० शेडातल्या कॅमेऱ्यांना. पोर्ट बरोबर टाकलेत. ऑफिसच्या पीसीवर एनव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) दिसायला पाहिजे, तर पिंगसुद्धा (पोच तपासायची हाक) जाईना झालंय. उद्या सकाळी मालकांना शेड स्क्रीनवर दाखवायची आहे. लवकर सांगा.

अनगोळ_नेट: स्विच लेयर २ की लेयर ३ (स्वतः राउटिंग करणारा)? व्हीलॅन वेगळे केले की ते एकमेकांशी बोलणार नाहीतच, मध्ये राउटिंग करणारं, म्हणजे एका नेटवर्कातून दुसऱ्यात वाट देणारं, कुणीतरी लागतं. पीसीचा आयपी, मास्क, गेटवे (दुसऱ्या नेटवर्कात जायचं दार) तिन्ही टाका इथं.

वायरमन_खानापूर: व्हीलॅनच्या भानगडीत पडूच नका. कॅमेऱ्यांना साधा स्विच वेगळा, केबल वेगळी. आमच्याकडं एका पतसंस्थेत असंच केलंय, कधी तक्रार नाही.

उद्यमबाग_आयटी: शेडपर्यंत पाइपातून एकच केबल जाते, दुसरी ओढायची तर रस्ता उकरावा लागेल. स्विच लेयर ३ च आहे, दोन्ही व्हीलॅनमध्ये स्विचचे इंटरफेस पण केलेत, १९२.१६८.१०.१ आणि १९२.१६८.२०.१. पीसी १९२.१६८.१०.२५, मास्क नेहमीचाच २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१.

अनगोळ_नेट: सापडलं की! १.१ हा तुमचा राउटर, तो १० च्या सबनेटमध्ये (१९२.१६८.१० नं सुरू होणाऱ्या पत्त्यांत) नाहीच. सेव्ह करताना विंडोजनं वॉर्निंग दिली असणार. पीसीचा गेटवे १९२.१६८.१०.१ करा, एनव्हीआरचा १९२.१६८.२०.१. दोन्हीकडं बदला, नाहीतर पिंग पोचेल पण उत्तराला परतीची वाट मिळणार नाही. आणि बऱ्याच स्विचांत राउटिंग मुळात बंद असतं. सिस्को पद्धतीच्या कमांड असतील तर कॉन्फिग मोडमध्ये ‘आयपी राउटिंग’ द्या.

निपाणीचा_नेटवाला: हे सगळं स्विचवर कशाला? मायक्रोटिकचा राउटर घ्या, एका ट्रंक पोर्टातून (अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या) दोन्ही व्हीलॅन त्यावर न्या. फायरवॉलपण तिथंच लिहिता येते.

अनगोळ_नेट: म्हणजे बघायचा सगळा व्हिडिओ त्या एका पोर्टातून वर जाऊन परत खाली येणार. लेयर ३ स्विच हातात असताना?

निपाणीचा_नेटवाला: गिगाबिट पोर्टाला एवढे कॅमेरे जड नाहीत हो. उद्या कॅमेऱ्यातून कुणी टॅलीच्या पीसीपर्यंत पोचलं तर अडवणार कोण?

अनगोळ_नेट: स्विचवर एसीएल (कुणाला कुठं जाऊ द्यायचं याचे नियम) लावता येते. आधी त्यांचं चालू तर होऊ द्या.

चिकोडी_सीसीटीव्ही: घरून मोबाइलवर बघायचं असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून रेकॉर्डरला थेट वाट) अजिबात करू नका, व्हीपीएन (सुरक्षित खासगी वाट) घ्या. पासवर्ड मूळचाच ठेवलेला रेकॉर्डर बाहेरून कुणीही उघडतं.

वायरमन_खानापूर: शेडची केबल तांब्याची आहे काय? १०० मीटरच्या आत आहे ना? वळवाच्या पावसात जवळ वीज पडली की दोन्हीकडचे पोर्ट जातात. त्याआधी फायबर घाला.

उद्यमबाग_आयटी: ते नंतर बघू. राउटिंग बंदच होतं, चालू केलं. पीसीवरून २०.१ ला पिंग जातंय. एनव्हीआर अजून गप्प. आणि आता पीसीचं इंटरनेट नाही, जीएसटीचं पोर्टल उघडेना.

अनगोळ_नेट: एनव्हीआरच्या नेटवर्क पानावर गेटवे बघा, बहुतेक ०.०.०.० असेल. शेडातल्या मॉनिटरवरूनच बदलावं लागेल. इंटरनेटसाठी स्विचवर डिफॉल्ट रूट (बाकी सगळ्या पत्त्यांची वाट) १९२.१६८.१.१ कडं द्या, आणि राउटरवर १० आणि २० या दोन्ही सबनेटचे स्टॅटिक रूट (हातानं लिहिलेल्या वाटा) स्विचच्या १९२.१६८.१ मधल्या आयपीकडं. नाहीतर राउटरला उत्तर कुठं पाठवायचं ते कळत नाही. काही साध्या राउटरांत स्टॅटिक रूटचं पानच नसतं, ते आधी बघा.

निपाणीचा_नेटवाला: म्हणूनच मायक्रोटिक म्हणत होतो.

उद्यमबाग_आयटी: ०.०.०.० च होतं. २०.१ टाकल्याबरोबर ऑफिसात शेड दिसायला लागली! राउटरचं लॉगिन इंटरनेटवाल्याकडं आहे, तो फोन उचलेना. तोवर टॅलीच्या पीसीला नेट कसं देऊ?

अनगोळ_नेट: मोबाइल यूएसबीनं जोडून टेदरिंग करा. पीसीच्या केबलचा गेटवे तेवढ्यापुरता काढा आणि कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून ‘रूट ॲड’नं १९२.१६८.२०.० ची वाट १९२.१६८.१०.१ कडं द्या. नेट मोबाइलवरून येईल, कॅमेरे केबलवरून.

वायरमन_खानापूर: केबल तांब्याची की फायबर, ते सांगा की.